सासूच्या डाव्या अंगाने

१९८६ सालच्या जुलैमध्ये दिल्लीहून पत्र आलं. ते घेऊन प्रभाकरराव स्वतः एसटीने आर्वीला आले. नलू निस्ताने तेव्हा शाळेच्या मैदानावर आठवीच्या मुलींकडून लेझीम करून घेत होती. फाटकाशी सरांची उंच, जराशी वाकलेली आकृती दिसली तशी तिने शिट्टी मारून मुलींना पाणी प्यायला सोडलं.

“निस्तानेबाई, बातमी आहे,” सर म्हणाले आणि त्यांनी लिफाफा तिच्या हातात दिला.

प्रभाकरराव वर्ध्याच्या कॉलेजात भूगोल शिकवत. आठ वर्षांपूर्वी त्यांनीच चार हौशी माणसं जमवून नौकानयन मंडळ काढलं होतं. लष्करी सामानाच्या लिलावात घेतलेली एक जुनी काळी रबरी बोट, सहा वल्ही आणि फिकी पडलेली लाइफ जॅकेटं एवढाच मंडळाचा संसार. पावसाळ्यात वर्धा नदी भरून वाहू लागली की दर रविवारी ही मंडळी खैरी घाटावरून बोट सोडायची आणि अकरा मैलांवर देऊरवाड्याला बाहेर काढायची. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यात काळे खडक उघडे टाकून पडलेली ही नदी ऑगस्टात त्याच खडकांवरून अशी उधळत जायची की काठावर उभ्या माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. वाटेत तीन खळाळ होते: रांजणी, उखळ आणि सासू. नावं घाटावरच्या नावाडी ढिवरांनी ठेवलेली. पहिले दोन सवयीने जमत. सासूपाशी मात्र नदी मधल्या खडकावर आपटून दुभंगायची, आणि तिथे नवशिक्याला कधीच नेत नसत.

पत्र गढवालमधल्या मोहिमेचं होतं. ऑक्टोबरात रुद्रप्रयागपासून ऋषिकेशपर्यंत फक्त बायकांची तुकडी रबरी बोटींतून जाणार होती. मोठ्या पाण्याचा अनुभव असलेल्या बायका हव्या होत्या. विदर्भातून एक.

नलूने पत्र दोनदा वाचलं. मंडळात ती पहिल्या दिवसापासून होती, आणि हिमालयातल्या पाण्याची स्वप्नंही तेव्हापासूनची. मागची जागा, म्हणजे बोट वळवायची जागा, आठ वर्षं तिची होती. ‘बाईंचा हात’ असं मंडळात म्हटलं जायचं, ते तिच्याच हाताबद्दल.

“सप्टेंबरच्या सतरापर्यंत नाव कळवायचं आहे,” सर म्हणाले. “एकच नाव. तुमचं किंवा बायजाचं. ऑगस्टमधल्या फेऱ्या होऊ देत, मग ठरवू.”

ते पुढेही काही बोलत होते. नलू त्या ‘किंवा’पाशीच थांबली होती.

बायजा खैरी घाटावरच्या पुनाजी ढिवराची मुलगी. पुनाजीला मुलगा नव्हता, म्हणून दहाव्या वर्षापासून बापाबरोबर डोंग्यात बांस धरून माणसं पल्याड नेणारी. सातवी पास. देवळीला लग्न करून दिली होती, ती वर्षाच्या आत परत आली आणि पुन्हा तिने सासरचं नाव काढलं नाही. मंडळाची बोट घाटावर फुगवली जायची तेव्हा ती पाण्यात पाय सोडून बघत बसायची. चार वर्षांपूर्वी एका रविवारी एक माणूस कमी पडला, तेव्हा नलूनेच तिला हाक मारली होती. “ये ग, बस पुढे.” वल्हं कसं धरायचं, उलटल्यावर पाय पुढे करून कसं वाहायचं, दोर कसा फेकायचा, हे सगळं नलूनेच शिकवलं.

पाणी वाचायला मात्र तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते ती घेऊनच आली होती.

पहिल्या वर्षी नलूला त्याचं कौतुक वाटलं. दुसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आलं, की खळाळ जवळ आला की सर मागे तिच्याकडे बघायचे सोडून पुढे बायजाकडे बघतात. तिसऱ्या वर्षी ती मोजायला लागली. रांजणीपाशी सरांनी बायजाला विचारलं. उखळापाशी बायजाला विचारलं. परत येताना ट्रकमध्ये बंडूजी म्हणाला, “पोरीले पाण्यातलं दिसते बाप्पा!” बंडूजी आर्वीच्या डेपोत मेकॅनिक, भला माणूस. पण त्या दिवसापासून नलूला त्याचा आवाजच नकोसा झाला.

मग ती बायजाची भाषा सुधारायला लागली. चारचौघांत. “‘पानी’ नाही, पाणी. ‘तिकडून काहाडा’ नाही, तिकडून काढा.” घरी नवऱ्याशी नलू स्वतः अस्सल वऱ्हाडीत बोलायची. बायजा मान हलवून म्हणायची, “हो बाई. पाणी.” आणि खरोखरच पुढच्या वेळी नीट म्हणायची. त्याचाही नलूला राग यायचा.

पत्र आलं त्या संध्याकाळी तिने ही गोष्ट सदाशिवरावांना सांगितली. सदाशिवराव, तिचे यजमान, आर्वीच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते.

“मंग जाजो ना,” ते म्हणाले.

“सर म्हणतात, मी नाई त बायजा.”

“बायजा चांगली आहे काय?”

नलूने ताटातली भाजी उगीच इकडची तिकडे केली. “बरी आहे,” ती म्हणाली.

ऑगस्टमधल्या पहिल्या तीन फेऱ्या तिने जीव तोडून केल्या. पहाटे उठून मैदानावर दहा चकरा, दंड, दोरीवर चढणं. चौतिसाव्या वर्षी दंडांत गोळे येत होते, ते ती कोणाला दाखवत नव्हती. बोटीत बसली की तिची नजर पाण्यावरून घसरून बायजाच्या पाठीवर जायची. ओल्या बाहीखाली हलणारं तिचं ते खांद्याचं हाड. वल्हं पाण्यात जाताना आवाज व्हायचाच नाही. नलूच्या वल्ह्याचा व्हायचा. आठ वर्षांत हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं, आता दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

चौथी फेरी चोवीस ऑगस्टला, रविवारी. वर दोन दिवस पाऊस झाला होता आणि पाणी गढूळ तांबडं, नेहमीपेक्षा दोन हात वर चढलेलं. घाटावर पुनाजी काठी टेकत उभा होता.

“आज नका जाऊ सर,” तो म्हणाला. “वरून झाडं येऊन राह्यली.”

प्रभाकररावांनी नदीकडे बराच वेळ पाहिलं. “असंच पाणी तिकडे रोज असणार आहे,” ते म्हणाले. “आज नाही गेलो तर नाव कशाच्या जोरावर पाठवायचं?”

बोटीत चौघे बसले. पुढे डाव्या हाताला बायजा, उजव्या हाताला बंडूजी. मध्ये सर. मागे नलू. पुरात काठ बाभळींच्या झुडपांसकट बुडालेला असे, उतरून खळाळ आधी पाहायची सोय नव्हती. म्हणून मंडळाचा नियम होता: खळाळाच्या तोंडाशी पुढे डावीकडे बसलेल्याने मागे वळून हात करायचा, डावा म्हणजे डावी वाट, उजवा म्हणजे उजवी, आणि मागच्याने दुसरं काही न बघता त्या हाताप्रमाणे बोट न्यायची.

रांजणी लाटांनी भिजवून गेली. उखळापाशी बायजाने हात केला, नलूने बोट वळवली, बोट एका उंच लाटेवरून अलगद पार झाली. “वाहवा!” सर ओरडले. कोणाला, ते नलूला कळलं नाही. तिने ठरवून टाकलं, की बायजाला.

सासू दिसायच्या आधी ऐकू येते. सरांनी चष्मा काढून खिशात घातला आणि बटण लावलं. बंडूजीने मान खाली घालून वल्हं गच्च धरलं. नलू आठ वर्षं सासूच्या उजव्या अंगानेच बोट काढत आली होती. तिकडे पाट रुंद होता. डावीकडची वाट अरुंद, खडकाला घासून जाणारी. आजही उजवीकडचं पाणी तिला गुळगुळीत, भरलेलं दिसत होतं.

बायजा वळली. तिने सरळ नलूच्या डोळ्यांत पाहिलं आणि डावा हात खांद्यापासून ताणून बाहेर काढला. एकदा, आणि पुन्हा एकदा. ओरडली पण होती, ते पाण्यात गेलं. हात मात्र नलूने स्वच्छ पाहिला.

तिला कोणी नंतर विचारलं असतं, की त्या क्षणी काय वाटलं, तर ती म्हणाली असती, काहीच नाही. पण ते खरं नव्हतं. तिला वाटलं होतं, ही मला सांगणार का? माझ्या सासूपाशी ही मला सांगणार का? एवढंच. तेवढ्यात दोन वल्ही मारायची वेळ होती, आणि ती तिने बोट उजवीकडे जाईल अशी मारली.

गुळगुळीत दिसणाऱ्या पाण्याखाली एक आख्खं झाड अडकलं होतं. बोटीचं नाक त्याच्यावर चढलं, बोट आडवी झाली आणि उलटली.

पाण्याखाली किती वेळ गेला हे नलूला कळलं नाही. वर आली तेव्हा सासूच्या खालचा डोह होता आणि तिच्या जॅकेटची कॉलर कोणीतरी धरली होती. बायजा. एका हातात तिची कॉलर, दुसऱ्या हातात बोटीचा दोर. “पाय मारा बाई! पाय मारा!” ती ओरडत होती. बंडूजी झुडपाला धरून होता. सरांना बायजानेच दुसऱ्या खेपेला जाऊन ओढून आणलं. त्यांचा डावा हात विचित्र लोंबत होता. खांद्यापाशी हासळीचं हाड मोडलं होतं.

चिखलात चौघे बसले. सर दात आवळून श्वास घेत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “हात कोणता केला होता, बायजा?”

“डावा, सर.”

“बाई?”

सगळे नलूकडे बघायला लागले. बायजाही बघत होती. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. बाई आता सांगतील, अशी ती बघत होती.

“मला उजवा दिसला,” नलू म्हणाली.

बंडूजी म्हणाला, “माह्यं तं लक्षच नवतं बा. मी खाली पाहून राह्यलो होतो.”

“मी तं डावाच...” बायजा बोलायला लागली आणि थांबली. तिने आपले दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्याकडे पाहिलं, आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे. पाण्याने तिची बोटं पांढरी पडली होती. “बाईले उजवा दिसला, तं...” ती हळूच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात सरांनी गळ्यात हात अडकवलेला असताना दुसऱ्या हाताने पोस्टकार्ड लिहिलं. निस्तानेबाई, तुमचं नाव पाठवतो आहे. बायजा गुणी आहे, पण अजून घाई करते असं दिसतं. तिला पुढल्या वर्षी पाहू.

सदाशिवरावांनी डेपोत सगळ्यांना सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईंनी प्रार्थनेच्या वेळी मुलींना टाळ्या वाजवायला लावल्या. नलू हसली. लोकरीचे मोजे, स्वेटर, गरम पाण्याची पिशवी अशी यादी तिने केली. तिला वाटलं होतं, की आता तरी ते आतलं खुपणं थांबेल. थांबलं नाही. उलट रात्रंदिवस तो ताणलेला हात दिसायचा आणि तिला वाटायचं, मला ते झाड दिसलं नव्हतं. तिला दिसलं होतं. मोहिमेत नाव माझं, आणि नजर अजून तिचीच.

बोटीला ठिगळं लावून झाली. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी बायजा आली नाही. दुसऱ्याही नाही. त्या दिवशी मग नलू स्वतःच खैरी घाटावर जाणाऱ्या गाडीत बसली. बायजाला बोलवायला जाते, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे तिला बायजाला पाहायचं होतं. काय पाहायचं होतं, ते तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं.

घाटावर पुनाजी डोंग्यातलं पाणी उपसत होता. गुडघ्याला चिंधी बांधलेली.

“तुम्ही काऊन डोंगा काढता पुनाजी? गुडघे दुखतात ना तुमचे?”

“काय करू बाई?” तो म्हणाला. “पोरगी आता भरल्या पाण्यात डोंगा काढत नाई. म्हणते, बाबा, माह्या हाताचा भरवसा नाई राह्यला. डावा म्हणतो तं उजवा उठते. लोकं बुडवीन म्हणते.” त्याने डबा उपडा केला. “लहानपणापासून पाह्यतो मी तिले. असं कधी झालं नवतं. तुम्हीच समजवा बाई. तुमचं आयकते ते.”

नलूच्या अंगात आतून एक गारवा पसरला. बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. आता ती पोरगी कोणापेक्षाही वरचढ राहिली नव्हती. आणि मग स्वतःला बरं वाटतं आहे हे तिला कळलं, तेव्हा तिने पुनाजीकडे पाठ केली.

बायजा झोपडीतून बाहेर आली. वाळली होती. “बाई, कवा आल्या?” तिने लगेच विचारलं. “चहा ठेवू?”

“मला पल्याड सोड,” नलू म्हणाली.

“बाबा सोडते ना.”

“नाही. तू सोड.”

बायजाने बापाकडे पाहिलं. पुनाजीने बांस तिच्या हातात दिला.

पाणी ऑगस्टइतकं नव्हतं, तरी ओढ होती. काठाकाठाने बायजाने डोंगा वर नेला, मग धारेत घातला. मध्यावर एक खडक होता, पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी जात होतं. ही वाट तिने हजार वेळा केली असेल. खडक जवळ आला तसा तिचा बांस थांबला. डोंगा आडवा व्हायला लागला.

“बाई,” ती म्हणाली, “कोणत्या अंगानं काढू?”

नलूने पाण्याकडे पाहिलं. दोन्हीकडे सारखंच तांबडं पाणी. तिला खरंच काही कळत नव्हतं. बायजा ओठ दाबून तिच्याकडे बघत होती, पहिलीतल्या मुलीने पाटीवर काय लिहू म्हणून विचारावं तशी.

“बायजा, तुहा हात डावाच होता,” नलू म्हणाली. आपण वऱ्हाडीत बोलतो आहोत हे तिच्या लक्षातही आलं नाही. “मी पाह्यला होता. दोनदा केला होता तू. डावाच होता.”

बायजाने बांस पाण्यातून वर काढला.

“मले दिसला होता. मी मुद्दाम नेली बोट उजवीकडे. अन् मंग खोटं बोलली.”

डोंगा खडकाकडे सरकत होता. बायजाच्या हाताने आपोआप बांस रोवला, एक जोर दिला, डोंगा सुळकन डावीकडून निघाला. ती पाण्याकडे बघतही नव्हती.  डोंगा वाळूला लागला.

“काऊन?” तिने विचारलं.

“हेवा वाटला तुहा.”

“माहा?” बायजा जोरात हसली, पण ते हसणं नव्हतं. “तीन आठवडे झाले बाई. मी रोज हात पाह्यतो माहे. जेवताना पाह्यतो. बाबा म्हणे, पोरगी येडी झाली. मले वाटे, बाई खोटं कायले सांगतीन? मंग मीच येडी असन.” तिचा आवाज चिरकला. “उतरा.”

नलू उतरली. घोटाभर पाण्यात उभी राहून म्हणाली, “बायजा, मी सरांना...”

बायजाने डोंगा उलटा लोटला होता. पाठ करून, ताठ उभी राहून ती अल्याडच्या काठाकडे निघून गेली. तिथून पुनाजी हातवारे करून ओरडत होता, बाईले काऊन सोडली म्हणून. ती वळली नाही.

नलू अमरावतीच्या बाजूला होती. तिथून तीन मैल कपाशीच्या शेतांच्या धुऱ्यांवरून चिखल तुडवत ती सडकेला लागली. एका ट्रॅक्टरवर बसली, मग एका जीपमध्ये, मग लांबचा वळसा घालून आर्वीची गाडी मिळाली. डेपोत उतरली तेव्हा दिवस मावळत होता. सदाशिवराव नियंत्रण कक्षाच्या खिडकीतून बघून धावत बाहेर आले. साडी पोटरीपर्यंत चिखलाने भरलेली.

“काय झालं? पडली काय?”

तिने तिथेच, बाकावर बसून, सगळं सांगितलं. मध्ये दोन गाड्या सुटल्या, सदाशिवराव उठले नाहीत. सांगून झाल्यावर त्यांनी समोरच्या फलाटाकडे पाहिलं. डेपोभर त्यांनी बायकोचं कौतुक सांगितलं होतं, तेही त्यांना आठवलं असेल.

“उद्या वर्ध्याची पहिली गाडी सहा चाळीसले आहे,” ते म्हणाले. “मी तुहा अर्ज शाळेत देतो, सुट्टीचा.”

वर्ध्याला प्रभाकरराव घराच्या व्हरांड्यात बसले होते. हात अजून गळ्यातच. नलू उभ्यानेच बोलली. त्यांनी मध्ये एकदाही तिला थांबवलं नाही. संपल्यावर चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, एका हाताने, म्हणून वेळ लागला.

“हाड जुळेल माझं,” ते म्हणाले. “मला वाईट त्याचं नाही वाटत. मी तुम्हाला चिखलात बसून विचारलं होतं, बाई. साधं विचारलं होतं.”

सरांनी कागद आणि पेन तिच्यासमोर ठेवलं.

“हे सगळं लिहून द्या. तुमच्या अक्षरात. मी दिल्लीला तार करतो, अजून दोन दिवस आहेत. नाव बदला म्हणून.” मग थोडं थांबून म्हणाले, “आणि यंदा मागच्या जागेवर तुम्ही बसू नका. पुढचं पुढे बघू.”

तिने लिहून दिलं. लिहिताना तिच्या मनात आलं, की आता मोकळं वाटेल. नाही वाटलं. ‘बायजा पुनाजी’ हे नाव तिने सगळ्यात शेवटी लिहिलं. तिने सही करून कागद सरकवला आणि बसची वेळ विचारली.

बायजा जायला तयार नव्हती म्हणे. बंडूजी दोनदा घाटावर जाऊन आला, सर एकदा गेले. शेवटी पुनाजीने तिला दटावलं, तेव्हा निघाली. नागपूरपर्यंत सर पोचवायला गेले. नलूने आपला नवा स्वेटर आणि मोजे बंडूजीच्या हाती पाठवले. बायजाने ते घेतले की परत केले, हे तिने विचारलं नाही. ऑक्टोबरभर ती रोज सकाळी शाळेतल्या वर्तमानपत्रात मोहिमेची बातमी शोधायची. एक दिवस आतल्या पानावर चार ओळी आल्या. बोटी देवप्रयागच्या पुढे गेल्या होत्या. कोणाचं नाव नव्हतं. नलूने त्या चार ओळी चारदा वाचल्या आणि पाचवीच्या तासाला उशिरा गेली.

दिवाळी उलटून आठवडा झाला होता. दुपारी डेपोतला शिपाई शाळेत आला. “साहेबांनी बोलावलं. नागपूरच्या गाडीनं बायजा आली म्हणे. खैरीची गाडी पावणेचारले आहे.”

नलूने तास दुसऱ्या बाईंना दिला. जावं की न जावं असं फाटकापर्यंत चाललं होतं. मग ती चालायला लागली ती जवळजवळ पळतच.

कॅन्टीनमध्ये बायजा पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. चेहरा उन्हाने रापलेला, नाकाचं कातडं निघालेलं. सदाशिवरावांनी तिच्यासमोर चहा आणि आलूबोंडा ठेवला होता. नलूला पाहून ते नियंत्रण कक्षात निघून गेले.

“बस म्हणशील तं बसतो,” नलू म्हणाली.

“बसा ना. बाक काय माहा आहे?”

बायजाने बशीत चहा ओतला. मग नलूला राहवेना. “पाणी कसं होतं?”

बायजाने तिच्याकडे पाहिलं, आणि जरा वेळाने बोलायला लागली. पाणी हिरवं, तळ दिसे, पण बर्फासारखं थंड. हात टाकला की बोटं मेलीच समजा. लाटा आपल्या शाळेच्या कौलाएवढ्या. पहिल्या दिवशी तिला मध्ये बसवलं, कोणी विचारत नव्हतं, हिंदी बोलली तर हसत होत्या. तिसऱ्या दिवशी पुढची एक बाई आजारी पडली. चौथ्या दिवशी एका मोठ्या खळाळात तिने हात केला, आणि मागे बसलेल्या दार्जिलिंगच्या बाईने तिच्या हाताप्रमाणे बोट नेली. त्याच दिवशी दुसरी बोट उलटली, त्यांची नाही.

“कोणता हात केला?” नलूने विचारलं आणि तिची जीभ तिला चावावीशी वाटली.

“उजवा,” बायजा म्हणाली. “पण मी पहिले पाह्यला, कोणता उठला ते. अजून पाह्यतो. तुमी लावलेली सवय आहे ते.”

नलूने मान खाली घातली.

“फेब्रुवारीत परत बोलावलं,” बायजा पुढे म्हणाली. “शिकवाले. ऋषिकेशले शिबिर आहे. बाबाले अजून सांगतलं नाई.”

ते ऐकलं आणि नलूच्या मनात तोच जुना सल उठला, जसाच्या तसा. काही म्हणता काही कमी झाला नव्हता. ती आठ वर्षं जिथे जायची स्वप्नं बघत होती, तिथे ही पोरगी शिकवायला जाणार होती.

“मले अजून हेवा वाटते तुहा,” ती म्हणाली. “आत्ताही वाटून राह्यला. जाईन असं वाटलं होतं, जात नाई.”

बायजाने आलूबोंड्याचा तुकडा मोडला. “मले तुमचा वाटे,” ती म्हणाली. “तुमी शिट्टी मारली की पन्नास पोरी उभ्या राह्यतात. घड्याळ घालता. मले वाटे, ह्या बाईसारखं बोलता आलं पाह्यजे. म्हणून तं मी ‘पाणी’ म्हणाले शिकली.” मग ती थेट नलूकडे बघून म्हणाली, “पण मी तुमाले बुडवलं नसतं बाई.”

“नसतं,” नलू म्हणाली.

बाहेर खैरीची गाडी लागली. बायजा उठली, पिशवी खांद्याला लावली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, नलूनेही विचारलं नाही. गाडीच्या पायरीवर चढताना मात्र ती थांबली.

“फेब्रुवारीच्या आंधी मले इंग्रजी शब्द शिकवून द्या थोडे. तिथं समदे इंग्रजीत हुकूम देतात. मले नाई समजत.”

“रविवारी येतो,” नलू म्हणाली. “घाटावर.”

“सकाळी येजा. दुपारी मले डोंगा काढा लागते.”

गाडी निघून गेली. सदाशिवराव शेजारी येऊन उभे राहिले होते. “काय म्हणते पोरगी?” त्यांनी विचारलं.

“पाणी हिरवं होतं म्हणे,” नलू म्हणाली. “तळ दिसत होता.”

एवढं बोलून ती शाळेकडे वळली. सहावीच्या मुलींचा शेवटचा तास अजून उरला होता. चालता चालता ती मनातल्या मनात हुकुमांचे इंग्रजी शब्द जुळवत होती, कोणता आधी शिकवावा ते ठरवत होती, आणि छातीत ते खुपत होतंच.